अर्जदार गरीब नाही

माचीवाडी, ता. पोलादपूर
१२ मार्च २०२६

ती. स्व. कमलाकरकाकांना श्रुतिकाचा नमस्कार.

काल तुम्हाला फोन केला, तर तुम्ही "तोंडी सांगितलेलं मी ऐकत नाही, लिहून पाठव" म्हणालात आणि ठेवून दिलात. शेजारी बाबा बसले होते. हसून म्हणाले, "आगो, चाळीस वर्सं कोरटाच्या दारात अर्ज लिवत बसलेला मानूस त्यो. त्याला कागद दे." म्हणून हा कागद. दीपकच्या जीपने पाठवतेय. तो रोज दुपारी महाडला भाडं घेऊन येतो, तुमच्या टेबलाशी आणून देईल.

तुम्ही मला शेवटचं पाहिलंत ते मी बारावीला असताना, शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी. आता मी सव्वीस वर्षांची आहे. मला वर्षभर श्रीलंकेत राहायला जायचंय. तिथे नोकरी करायला नाही आणि नुसतं फिरायलाही नाही. माझं काम इंटरनेटवरचं आहे, कंपनी डेन्मार्कची. ते मी वाडीतून करते की आणखी कुठून, याने त्यांना काही फरक पडत नाही. अशा लोकांना येऊन राहता यावं म्हणून काही देशांनी वेगळा व्हिसा काढलाय, त्यात आता श्रीलंकाही आहे. डिजिटल नोमॅड व्हिसा. नोमॅड म्हणजे भटका. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "भटक्याला परवाना? मंग त्यो भटका कसला?"

लंका म्हटल्यावर वाडीत ज्याने त्याने एकच विनोद केला. तो मी लिहीत नाही.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर, आणि मला लहानपणापासून ओळखणाऱ्या एका प्रतिष्ठित माणसाचं प्रतिज्ञापत्र. दुसरं सक्तीचं नाही, पण जोडलं तर बरं असं म्हणतात. प्रतिष्ठित म्हटल्यावर घरात सगळ्यांना तुमचंच नाव सुचलं. तुम्ही द्याल ना?

तुमची,
श्रुतिका


महाड
१५ मार्च २०२६

चि. श्रुतिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दीपकने माझ्या टेबलावर ठेवले आणि त्यावर आपला चहाचा ग्लास ठेवला. गोल डाग पडला आहे, मजकूर शाबूत आहे.

तुझ्या घरचा एकही कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कचेरीत पोचलेला नाही. तुझ्या आजोबांचा कुळाचा अर्ज, तुझ्या बापाचे, रावजीचे घरकुल, तुझ्या आईच्या ऑपरेशनची मदत, तुझी शिष्यवृत्ती. सर्व मंजूर. तेव्हा प्रतिज्ञापत्र मी देईनच. पण नुसते प्रतिज्ञापत्र पाठवणे म्हणजे नवऱ्यामुलाशिवाय वरात काढणे. सोबत रीतसर अर्ज पाहिजे. तोही मी लिहितो.

अर्जाचे शास्त्र असे आहे, की वर साहेबाचे पद, खाली दोन ओळी हकीकत आणि मग पानभर कारण. कारण भक्कम तर अर्ज भक्कम. कोणाचा आजार, कोणावर झालेला अन्याय, कोणाच्या घरात कमावते माणूस नाही. तुझ्या पत्रात हकीकत आहे, कारण कुठेच नाही. माणूस आपले घर सोडून परमुलखात कशासाठी जातो हे साहेबाला पहिल्या परिच्छेदात कळले पाहिजे.

म्हणून कळव की तुझे काम नेमके काय आहे, तिकडचा साहेब कोण, आणि जायचे कशासाठी.

तुझी सरोजकाकू शेजारी भाजी निवडते आहे. ती विचारते, तिकडे कोणी मुलगा आहे का? हे मी तिच्या सांगण्यावरून लिहितो. माझ्या मनात तसे काही नाही. थोडेसे आहे.

कमलाकर गुप्ते


माचीवाडी
१९ मार्च २०२६

ती. स्व. काकांना नमस्कार.

काकूंना सांगा, मुलगा नाही. असता तर व्हिसाची गरज पडली नसती, त्यालाच इकडे बोलावला असता.

काम सांगते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसं मोबाईल वापरतात तेव्हा मोबाईल त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो. मी पडदा काळा करून, नुसत्या कानांवर, डेन्मार्कमधली औषधं मागवते, तिकिटं काढते, बँकेचे फॉर्म भरते. खरे पैसे जात नाहीत, ती चाचणी असते. जिथे अडकते तिथलं लिहून पाठवते, मग ते दुरुस्त करतात. आई शेजारणींना सांगते, "पोरगी दिसभर डोळं मिटून बसती आन पगार घेती."

तिकडचा साहेब कोणी नाही. हेच तर या व्हिसाचं वेगळेपण. तिथे कोणाची नोकरी धरायची नाही, तिथल्या माणसाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. आपली मिळकत बाहेरून आणायची आणि तिथे राहून खर्च करायची. मिळकतीचे कागद मी स्वतः जोडणार आहे. ते तुम्ही मागू नका, काळजीही करू नका.

आता कशासाठी. आमच्या कंपनीत निलुषी नावाची एक बाई आहे. तिला जन्मापासून दिसत नाही, आणि या कामात ती माझी गुरू. ती श्रीलंकेतल्या डोंगरातली. एकदा बोलता बोलता निघालं की तिच्या गावालाही असाच उतार आहे, असाच पाऊस, दारादारात फणस. मी सांगितलं, आमच्या वाडीत बेचाळीस घरं आहेत आणि तेवीस घरांना कुलूप, माणसं मुंबईला. ती म्हणाली, "आमच्याकडे सगळी घरं उघडी आहेत." तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच. डोंगर तसाच, पाऊस तेवढाच, मग ते असं काय करतात? ते मला बघायचंय. एवढंच कारण आहे, काका. आजार नाही, अन्याय नाही.

बाबांना मी वर्षभराचं ट्रेनिंग आहे असं सांगितलंय. तेवढं सांभाळून घ्या.

श्रुतिका


महाड
२७ मार्च २०२६

चि. श्रुतिका हिस आशीर्वाद.

तुझे कारण मी तीनदा वाचले. सरोजलाही वाचून दाखवले. ती म्हणाली, "चांगलं आहे की!" चांगले आहे, पण अर्जात घालण्यासारखे नाही. "बघायचे आहे" हे वाचून कोणता साहेब शिक्का उचलेल? सरकार बघणाऱ्याला काही देत नाही, अडलेल्याला देते.

मिळकतीबद्दल तू जे थोडक्यात आटोपलेस त्यावरून काय समजायचे ते मी समजलो. अशील जेथे घाईने बोलतो तेथे त्याची अडचण असते, हे मला या टेबलाने शिकवले आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. माझ्यापुढे लाजायचे तर मुळीच नाही.

सर्व कागद तयार आहेत. माझे प्रतिज्ञापत्र मी नोटरीपुढे सही करून सोबत जोडले आहे. तुझ्या अर्जावर, नेहमीप्रमाणे, जेथे पेन्सिलची फुली आहे तेथे सही कर. पाच फुल्या आहेत. बाकी चौदा पाने वाचत बसू नकोस, कोर्टाचे इंग्रजी आहे. एक कागद मी माझ्या बुद्धीने जास्त जोडला आहे. त्याचा उपयोग तुला पुढे कळेल.

कमलाकर गुप्ते


माचीवाडी
३० मार्च २०२६

ती. स्व. काका,

पाचही फुल्यांवर सह्या केल्या. पहिलं पान वाचायला घेतलं होतं, तर बाबांनी हातातून काढून घेतलं. "काकांचा कागद वाचायचा नसतो. फुली दिसली की सही. तुज्या आज्याने आंगठा हितंच लावला, मी सही हितंच केली."

काल देवळाच्या कट्ट्यावर बसून सगळे कागद चढवले. आपल्याकडे तिथेच रेंज धरते. शेवटचं पान चढायला पाऊण तास लागला, तोवर गावातली दोन कुत्री आणि बाबा माझ्या बाजूला बसून होते. "ग्येला?" असं दर पाच मिनिटांनी विचारत. गेला म्हटल्यावर त्यांनी देवाला हात जोडले, मग मोबाईललाही जोडले.

तुमचे उपकार शब्दांत सांगता येत नाहीत. उत्तर महिन्याभरात येईल म्हणतात.

तुमची,
श्रुतिका


माचीवाडी
२४ एप्रिल २०२६

ती. स्व. काकांना नमस्कार.

उत्तर आलं. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं, कारण पहिल्या दोन्हींत तुम्हाला टाकून बोलले होते.

त्यांनी नाकारलेलं नाही, खुलासा मागितलाय. चौदा दिवसांत. ते विचारतात, की अर्जदाराच्या बँकेच्या कागदांवरून तिची मिळकत अटीपेक्षा बरीच जास्त दिसते. पण तिच्याच अर्जात लिहिलंय की ती अत्यंत गरीब कुटुंबातली आहे, घरात दुसरं कमावतं माणूस नाही, आणि "आपल्या कृपेने परवाना मिळाल्यास कुटुंबाला दोन वेळचे अन्न मिळेल". याचा अर्थ ती श्रीलंकेत येऊन काम शोधणार आहे का? सोबत सरकारी उत्पन्नाचा दाखला आहे, त्यावर वर्षाचं उत्पन्न तिच्या आठवड्याच्या पगाराहून कमी. आणि एका प्रतिष्ठित गृहस्थाने शपथेवर सांगितलंय की हे सगळं त्यांना व्यक्तिशः ठाऊक आहे. यांतलं खरं काय?

काका, तो दाखला माझ्या शिष्यवृत्तीच्या वेळचा. तुम्ही तो फाईलमधून काढून जोडलात. मी मागितला नव्हता. जे सिद्ध केलं तर व्हिसा मिळतो, त्याच्या नेमकं उलट तुम्ही शपथेवर सिद्ध करून दिलंत.

वाचल्याशिवाय सही मी केली. दिवसभर दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढते आणि स्वतःचा फॉर्म पाहिला नाही. आणि एक गोष्ट मी लपवली, ती आता सांगते. माझा पगार चांगला आहे. खूपच चांगला आहे. घरात कोणालाच ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी पहिला पगार आला तेव्हा बाबांनी विचारलं, "किती?" त्यांनी मुंबईला खानावळीत अठरा वर्षं भांडी घासली, वाढप्याचं काम केलं. त्यांच्यासमोर तो आकडा माझ्या तोंडातून निघेना. मी भलताच छोटा आकडा सांगितला. मग तोच चालू राहिला.

आता काय करायचं? ८ मेपर्यंत त्यांना उत्तर गेलं पाहिजे. नाहीतर अर्ज बंद होईल, आणि खोटे कागद दिले असा शेरा पडला तर पुन्हा कधीच मिळणार नाही.

श्रुतिका


महाड
२६ एप्रिल २०२६

चि. श्रुतिका हिस,

पत्र वाचले. दुपारचे जेवण राहिले.

एक्केचाळीस वर्षांत माझ्या अशिलाचा अर्ज तो फार गरीब दिसला म्हणून अडला, असे प्रथमच घडले. मी सवयीने लिहिले. शेतकरी असो, विधवा असो, विद्यार्थी असो, "अर्जदार अत्यंत गरीब असून" येथून माझी लेखणी सुरू होते. बहुतेक वेळा ते खरे असते. जेथे नसते तेथेही कोणी हरकत घेत नाही, कारण वाचणाऱ्यालाही ते वाचायची सवय असते. दाराबाहेर उभे राहून "मला तुमच्याकडून काही नको, फक्त आत येऊ द्या" म्हणणारा अर्ज मी कधी पाहिला नाही.

तू पगार लपवलास याचा राग नाही. अर्जनविसापासून लपवणारे अशील मला रोज भेटतात. पण तू लपवते आहेस हे ओळखूनही काय लपवते आहेस हे मी चुकीचे ओळखले. त्याचे मला जास्त लागले.

आता उपाय. सोपा उपाय हा, की तू दोन वर्षांपासून आमच्या माडीवर भाड्याने राहतेस असे दाखवायचे. तू वेगळी, रावजीचे घर वेगळे. दाखला त्याच्या घराचा, पगार तुझा. दोन्ही खरे ठरतात, कोणाला काही कळत नाही. सरोज भाडेपावत्या करून द्यायला तयार नाही, पण तिला समजावता येईल.

दुसरा उपाय म्हणजे खरे सांगणे. पण नीट ऐक. तू त्या घरात राहतेस, त्या घराचे पिवळे रेशनकार्ड आहे. तुझी मिळकत त्याच घरात धरून मी शपथेवर लिहिले तर ते घर गरीब राहत नाही. एक कागद कोलंबोला आणि दुसराच पोलादपूरला, असे मी करणार नाही, एकदा केले तेवढे पुरे. म्हणजे कार्ड सोडावे लागेल, आणि ते रावजीच्या नावावर आहे. त्याला सांगितल्याशिवाय हे होणार नाही.

कोणता उपाय ते तू ठरव.

कमलाकर गुप्ते


माचीवाडी
३० एप्रिल २०२६

ती. स्व. काकांना नमस्कार.

काकूंना भाडेपावत्यांसाठी समजावू नका. मी बाबांना सांगितलं.

परवा सकाळी ते अंगणात कुदळीला नवा दांडा बसवत होते. मी आधी ट्रेनिंग नाही हे सांगितलं. म्हणाले, "ते म्हाईत हाय. तुला शिकवनारा कोन उरलाय!" मग पगाराचं सांगितलं. हातातला दांडा तसाच. म्हणाले, "म्हयन्याला?"

"म्हयन्याला."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि पहिलं काय बोलली असेल? "आन मी तुज्या छत्रीच्या काड्या तारेनं बांदून देत हुते!"

बाबा म्हणाले, "म्हंजी आपन गरीब नाय?"

"नाय, बाबा."

"कदीपासनं?"

"तीन वर्सं झाली."

"तीन वर्सं मी त्या रांगेत हुबा हाय गो!" दांडा खाली टाकला त्यांनी. "पिशवी घेऊन. म्हाज्या मागं तुळसा हुबी ऱ्हाते. मागल्या साली तांदूळ कमी आला, तवा म्हाज्या पिशवीत पडला आन तिला म्हनाले पुढल्या म्हयन्यात ये. ती रिकामी ग्येली. मी तिच्यासंगं चालत आलो, निम्मा दिला पन नाय. म्हनलं, आपलं बी तेच हाल."

मी म्हटलं, बाबा, चूक माझी. ते म्हणाले, "तुजीच हाय." आई म्हणाली, "आवो, पोर परदेसी चाललीय आन तुमी तांदळाचं काय घेऊन बसलाय?" त्यावर ते तिला जे म्हणाले ते मला अजून ऐकू येतंय. "रंगू, गरिबाला रांगेची लाज नसती. पन गरीब नसताना रांगेत हुबं ऱ्हायला लाज वाटाया पायजे. ती हिनं मला तीन वर्सं कळू दिली नाय."

दोन दिवस मला जेवायला हाक मारायची तर ते आईला सांगत होते, "तिला सांग." काल संध्याकाळी तुळसाकाकूकडे तांदळाची पिशवी घेऊन गेले. ती घेईना, तर ओटीवर ठेवून आले. आज सकाळी इस्त्रीचा सदरा काढला आणि मला म्हणाले, "काकांना लिव. सोमवारी येतो. कार्ड घेऊन येतो."

तुमच्याकडे आले की त्यांना थोडं सांभाळा. अजून रागात आहेत.

श्रुतिका


महाड
५ मे २०२६

चि. श्रुतिका हिस आशीर्वाद.

रावजी काल आला. तू लिहिलेस तसा रागात नव्हता, राग जीपमध्येच उतरला होता की काय, कोण जाणे. दीपकने त्याला वाटेत "रावजीशेठ" म्हणून हाक मारली म्हणे. बातमी वाडीतून जीपपर्यंत पोचलेली आहे.

टेबलाशी बसला, कार्ड पुढे ठेवले आणि म्हणाला, "लिवा." मी कागद घेतला, साहेबाचे पद लिहिले, आणि थांबलो. "अर्जदार अत्यंत" एवढे लेखणीतून आपोआप उतरले होते. ते खोडले. नवा कागद घेतला. पुढे काय लिहायचे ते मला सुचेना. रावजी म्हणाला, "आसं लिवा, का कार्ड घेतलं तवा गरज हुती. आता पोरगी कमावते. कार्ड परत घ्या. रावजी उतेकर." मी विचारले, आणखी काही? "आनकी काय? झालं की." तीन ओळी. इतका लहान अर्ज माझ्या टेबलावरून कधी गेला नव्हता.

मी स्वतः त्याच्याबरोबर पोलादपूरला कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसाने अर्ज वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिले, आणि विचारले, "कोणी तक्रार केली का तुमच्याविरुद्ध?" रावजी म्हणाला, "नाय." "मग त्रास काय आहे?" "तरास कायबी नाय." त्या माणसाने शेजारच्याला बोलावले. दोघांनी मिळून वाचला. शेवटी एकाने पोच दिली आणि रावजीला बसायला खुर्ची दिली. रावजी बसला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "काका, चाळीस वर्सात पयल्यांदा खुर्ची दिली, आन तीबी मी घेतली नाय. बसायला पायजे हुतं."

माझे प्रतिज्ञापत्र सोबत आहे. इंग्रजीत आहे, आशय असा: "मी, कमलाकर गुप्ते, वय ७१, धंदा अर्ज लिहिणे, शपथेवर सांगतो की मागील प्रतिज्ञापत्रात अर्जदाराच्या परिस्थितीबद्दल मी जे लिहिले ते चौकशी न करता, सवयीने लिहिले. त्याचा दोष अर्जदाराकडे नाही. दाखला जुना आहे. अर्जदाराच्या कुटुंबाने सरकारी सवलत स्वखुशीने परत केली असून त्याची पोच जोडली आहे. अर्जदारास आपल्या देशात नोकरी नको आहे, मदत नको आहे. तिला आपला डोंगर पाहायचा आहे." शेवटचे वाक्य नोटरीने खोडायला सांगितले. मी म्हटले, मुद्दा तेवढाच आहे.

शपथेवर दिलेले शपथेवर मागे घेतल्यामुळे उद्या कोणी मला जाब विचारू शकतो. विचारू दे. या वेळी कागद तीन आहेत: माझे प्रतिज्ञापत्र, कार्डाची पोच आणि तुझा खुलासा. पहिल्यापासून वाच, पटले तर सही कर, कोठे करायची ते तुझे तू पाहा.

कमलाकर गुप्ते


एल्लाजवळ, श्रीलंका
२१ जून २०२६

ती. स्व. काका आणि काकूंना नमस्कार.

हे पत्र पोस्टाने येतंय, दीपकच्या ग्लासाचा डाग नसेल. मंजुरी २५ मेला आली हे तुम्हाला कळलंच. निघण्याच्या गडबडीत महाडला थांबता आलं नाही, त्याची रुखरुख आहे.

मी सोमावती नावाच्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहते. निलुषीचं घर खालच्या वळणावर. रेंज अंथरुणातही येते, त्यामुळे कट्ट्यावर बसून काम करायची सवय मोडतेय. इथे फणस भातासारखा शिजवून नारळाच्या दुधाबरोबर पोटभर जेवतात. आपण कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करतो आणि गरे खातो, तेवढंच. भाताऐवजी फणस वाढला हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग पाव्हन्याला काय वाढत्यात?"

घरं उघडी आहेत हे निलुषीचं खरं होतं. पण तिने अर्धंच सांगितलं होतं, किंवा मी अर्धंच विचारलं. बऱ्याच घरांत आज्या आणि नातवंडं आहेत. आया कुवेतला, दुबईला घरकामाला. सोमावतींची मुलगी सात वर्षं तिकडे आहे. म्हणजे आपल्याकडे कुलूप, इथे आजी. मी निराश झाले का? दोन दिवस झाले. मग पाहिलं, की तरीही उतार एकही पडीक नाही. दाराच्या पायरीपासून मिरी, केळी, चहा, भाजी, एकाच्या सावलीत दुसरं. आज्याच करतात. हे आपल्याकडे का नाही, ते अजून कळलेलं नाही. लिहून ठेवतेय.

बाबा फोनवर बोलतात, पण "बरी हायस ना, जेवलीस ना" याच्या पुढे जात नाहीत. अजून रागावलेत का? तुम्हाला काही म्हणाले का?

श्रुतिका


महाड
१९ जुलै २०२६

चि. श्रुतिका हिस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी देण्याऐवजी ज्याचे त्यानेच दिलेले बरे. रावजी लावणी उरकून आज आला. तुझे पत्र मी त्याला वाचून दाखवले. ऐकून घेतले, पुन्हा वाचायला लावले, मग म्हणाला, "कागद काढा. फोनवर इचारायचं तर ती घाईत आसती आन म्हाजं धा सवाल हायत." पुढचे त्याच्या तोंडचे आहे. मी एक अक्षर सुधारलेले नाही.

"श्रुती, मी रागावलो हुतो, आता नाय. तुळसाला आता धान्य वेळेवर भेटतंय, ती तुला इचारत हुती. तुज्या आईनं नवी छत्री घेतली, लाल हाय, वाडीत सगळ्यांना दाखवून झाली.

आता म्हाजं आयक. मिरी कशावर चढवत्यात? फणसावर का दुसऱ्या झाडावर? पायरीपासनं लावत्यात म्हनतीस तर उताराची माती खाली येत नाय का? दगडाचा बांद हाय का गवताचा? गवताचा आसंल तर कोनचं गवत, त्याचा फोटू पाठव. आज्या करत्यात म्हनतीस, त्या आज्यांचं वय किती? तुजी आई त्यांच्यापरीस लहान हाय, मंग तिला जमंल का? तिला मी हे इचारलेलं नाय, तू पन सांगू नको.

आन म्हत्त्वाचं. तिकडं वानरं हायत का? आसतील तर केळी कशी ऱ्हायली? हितं आमी डबा वाजवतो, फटाके लावतो, पन वानरं आता फटाक्याला भीत नायत, बसून बगत्यात. त्या बाईला नीट इचार, घाईनं नको. न दिसनारी बाई हाय ना, तिला बी इचार, तिला आवाजातलं कळत आसंल.

नाचनी रोपात हाय. दसऱ्याच्या आदी कनसं भरतील आन वानरं येतील. त्याच्या आदी कळव."